खलास नावाचा खजूर

ऑगस्टमध्ये इमारतीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा धुकटतो. आत एसीने गार झालेली काच आणि बाहेर समुद्रावरून आलेली ओली, जड हवा. क्षणभर काहीच दिसत नाही. शर्टाच्या टोकाने पुसायला गेलो तर काच तेलकट होते, हे इतक्या वर्षांत शिकलो आहे. म्हणून मी दारातच थांबतो. काच हळूहळू हवेइतकी गरम होते आणि रस्ता परत येतो. आधी समोरच्या किराणा दुकानाची हिरवी पाटी, मग उभ्या गाड्यांची टपं, मग कोपऱ्यावरचा पांढरा पिकअप. त्याच्या मागच्या फळीवर पुठ्ठ्याच्या खोक्यांतून ओला खजूर मांडलेला असतो. तो पिकअप दिसला की सौदीतल्या या अल-खोबरमध्ये ऋतू बदलला असं मी समजतो. एरवी इथे कॅलेंडर बदलतं, बाहेरचं काही बदलत नाही.

या दिवसांतला खजूर आपल्याकडच्या पाकिटातल्या खजुरासारखा नसतो. तो अर्धवट पिकलेला असतो. देठाकडचा भाग पिवळा, कडक, थोडा तुरट, आणि टोकाकडचा तपकिरी, मऊ, मधासारखा. मीरा, माझी बायको, भूलतज्ज्ञ होती. असा एक खजूर चिमटीत धरून ती म्हणायची, "याला अर्धाच डोस बसलाय बघ. खालून झोपलाय, वरून अजून बडबडतोय."

खजुराच्या पुष्कळ जाती असतात. या भागात सगळ्यात मान जवळच्या अल-हसाच्या बागांतून येणाऱ्या एका जातीला आहे आणि तिचं नाव खलास. मराठी माणसाने हे नाव पहिल्यांदा ऐकलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मीराला हाच खजूर सगळ्यात आवडायचा, पण हॉस्पिटलमध्ये वाटायला मात्र ती दुसरा कुठला तरी घेऊन जायची. "ऑपरेशनच्या आधी खलास कोण वाटतं," ती म्हणायची. "पेशंट मराठी निघाला तर टेबलावरून उठून पळेल."

यंदाही पिकअप आला. मी एक खोकं घेतलं, वर आलो, फ्रिजमध्ये ठेवलं आणि मग आठवलं की घरात खाणारा मी एकटा आहे. ओवी, आमची मुलगी, आता पुण्याला कॉलेजात आहे. खोकं फ्रिजमध्ये बसेना म्हणून वरच्या कप्प्यातलं लोणचं बाहेर काढलं आणि मग ते लोणचं हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. समोर, दिवाणखान्यातल्या फळीवर, ती कादंबरी होती. तिच्या पानांतून ड्रिपच्या चिकटपट्टीचं एक टोक बाहेर डोकावत असतं. ते मी अजून काढलेलं नाही.

कादंबरी फिलिपिन्सची आहे. आमच्याकडे ती आली लिगाया यांच्यामुळे, आणि लिगाया आमच्याकडे आल्या एका शब्दामुळे.

ओवी तेव्हा लहान होती, दुसरी-तिसरीत. एका रात्री जेवताना मीरा म्हणाली, "आज आते मला रागावल्या. म्हणाल्या, डॉक्टर, तुम्ही डबा न खाता परत नेताय."

मी विचारलं, "कुठल्या आत्या? इथे कधी आल्या?"

"अरे, आत्या नाही. आते. लिगाया, आमच्या थिएटरच्या मुख्य सिस्टर. सगळ्या फिलिपिनो पोरी त्यांना आते म्हणतात. त्यांच्या भाषेत थोरली बहीण."

मला बहीण नाही, सख्खी नाही आणि चुलतही नाही. त्यामुळे ओवीच्या आयुष्यात आत्या हे खातं रिकामं होतं. तिने आईचं बोलणं ऐकलं आणि पुढच्या शुक्रवारी लिगाया पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा दार उघडून सरळ "आत्या आली" म्हणून ओरडली. लिगाया बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, आमच्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. आत्या म्हणजे काय, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं, वडिलांची बहीण. त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग सोफ्यावर बसून पायातले बूट काढत म्हणाल्या, "म्हणजे तू माझा धाकटा भाऊ. मग उभा काय आहेस? चहा टाक."

मी चहा टाकला. तेव्हापासून तो टाकतच राहिलो. मला त्यांना अहो-जाहो करायची सवय लागली आणि त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. 'ब्रदर' म्हणायच्या, आणि मीराकडून शिकल्यावर 'भाऊ'. मीराकडून त्या आणखी एक शब्द शिकल्या होत्या, 'चालेल'. थिएटरमध्ये नाडी, दाब, सगळं ठीक असलं की मीरा तोंडातल्या तोंडात 'चालेल' म्हणायची. काही दिवसांनी तिथल्या इजिप्शियन सर्जनपासून नेपाळी वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांचं चालायला लागलं.

ज्या ऋतूबद्दल मी लिहितो आहे त्या वर्षी मीराचं सगळं थांबलं होतं. आजार वसंतात कळला. जुलैअखेर तिने स्वतःच औषधं बंद करायला सांगितली. डॉक्टरबाईला समजावणार कोण? औषधांची नावं तिला माहीत होती, मात्रा माहीत होत्या, पुढचंही माहीत होतं. तिने दिवाणखान्यात खिडकीपाशी पलंग मागितला, कारण तिथून पिकअप दिसतो. सकाळी ती मला कामगिरीवर पाठवायची. "बघ, आज कालच्यापेक्षा पिकलाय का." तिला स्वतःला एक खजूरही पुरा खाता यायचा नाही. मऊ बाजूचा एक घास घ्यायची आणि कडक बाजू माझ्या हातावर ठेवायची.

एकदा लिगायांना म्हणाली, "आते, मला गोष्ट सांगा. पण छोटी नको. लांबलचक पाहिजे. मध्येच संपणारी तर मुळीच नको."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून लिगाया आल्या त्या पुस्तक घेऊन. जाड, कडा मऊ झालेलं, मलपृष्ठ चिकटपट्टीने जोडलेलं. त्यांची शाळेतली प्रत होती. म्हणाल्या, "आमच्या देशात हे सगळ्यांना शाळेत वाचावंच लागतं. तेव्हा सगळ्यांना कंटाळा येतो. मग नोकरीसाठी परदेशी आलं की एके दिवशी आपोआप आठवतं आणि रडू येतं. मी इथे येताना बॅगेत तांदूळ कमी केले आणि हे घातलं."

मग वाचायला सुरुवात करण्याआधी त्या उठल्या आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"आते, गोष्ट तर आहे," मीरा हसली.

"सवय, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

इथे दुसऱ्या धर्माची उघड प्रार्थना चालत नाही, म्हणून त्यांच्या ख्रिश्चन प्रार्थना सुट्टीच्या शुक्रवारी कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये, पडदे ओढून, टीव्हीचा आवाज जरा मोठा ठेवून चालत. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर क्रूस होता, तेवढ्याने हात पडद्याकडे गेला. आम्हाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. आमचा दीड दिवसाचा गणपतीही पडदा ओढूनच बसतो आणि आरतीला टाळ्या आम्ही बोटांच्या टोकांनी वाजवतो. इतकी वर्षं अशी आरती केल्यावर एकदा नाशिकला, मीराच्या माहेरी गेलो, तिथेही मी बोटांनीच टाळ्या वाजवत होतो. सासूबाई म्हणाल्या, "सुहासराव, अंगात ताकद नाही का?"

कादंबरी स्पॅनिश राजवटीतली. शिकायला युरोपात गेलेला एक तरुण बऱ्याच वर्षांनी आपल्या गावी परततो, इतकीच सुरुवात. गावात राज्य नावाला स्पॅनिश सरकारचं, पण खरी हुकमत मठातल्या पाद्र्यांची. कुणाची जमीन, कुणाचं लग्न, कुणाचं मरण, सगळं त्यांच्या मर्जीवर. लिगाया इंग्रजी भाषांतरातून वाचत, मधूनच थांबून एखादं वाक्य आपल्या भाषेत पुटपुटत आणि मान हलवत. मूळ पुस्तक त्यांच्या देशातल्या माणसानेच लिहिलेलं, पण स्पॅनिशमध्ये. आता ती भाषा तिथे कुणाला येत नाही. "आमचं सगळ्यात लाडकं पुस्तक आम्ही भाषांतरात वाचतो," त्या म्हणाल्या. "आपल्याच घरात खिडकीतून शिरल्यासारखं."

पहिल्याच प्रकरणात पाद्री हा शब्द आला आणि मीराने त्यांना थांबवलं. "तुम्ही पाद्रे म्हणता? आम्ही पाद्री म्हणतो." मग त्या दोघींचा खेळच सुरू झाला. आमच्याकडे पोर्तुगीज येऊन गेले, त्यांच्याकडे स्पॅनिश. मेज त्यांच्याकडे मेसा. साबण त्यांच्याकडे साबोन, आणि इथल्या दुकानात साबून. "सगळी साम्राज्यं गेली," मीरा म्हणाली, "हात धुवायचं तेवढं ठेवून गेली." दोघींनी आयुष्यभर दिवसातून वीस वेळा हात धुतलेले. त्यांना हे फार विनोदी वाटलं. मीरा इतकी हसली की मला उशी उंच करून द्यावी लागली.

मला त्या संध्याकाळी आठवतात त्या अशा. पडद्यातून येणारा तांबूस उजेड. लिगायांच्या हातांना येणारा हॉस्पिटलच्या औषधाचा वास. खजुराच्या वाटीवर जमलेला ओलावा. ओवी तेव्हा अकरावीत गेली होती, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. कोपऱ्यात फोन घेऊन बसायची, कानात काहीतरी घातलेलं. आम्हाला वाटायचं ती गाणी ऐकते आहे. एकदा लिगायांनी चुकून दोन पानं उलटली, तर कोपऱ्यातून आवाज आला, "आत्या, यू स्किप्ड. तो गावात पोचलाच नाही अजून."

आणि मग तो प्रसंग आला. गावी परतलेल्या तरुणाला कळतं की आपले वडील तुरुंगात वारले. तो त्यांची कबर शोधायला जातो आणि तिथे कबर नसते. वडील पाद्र्याला जुमानत नव्हते, म्हणून पाद्र्याने त्यांचं प्रेत उकरून काढायला लावलं होतं. पवित्र जमिनीत असल्या माणसाला जागा नाही म्हणून. प्रेत वाहून नेणाऱ्यांनी ओझं जड झालं, पाऊस लागला, म्हणून ते तळ्यात टाकून दिलं.

लिगाया थांबल्या.

मीरा छताकडे बघत होती. म्हणाली, "सुहास, आत्ताच सांगून ठेवते. माझं दहावं-तेरावं काही करायचं नाही. भटजी नको, मंत्र नकोत. मेल्यावर माझं काय होतं हे कुणी मला पाठांतरातून सांगायला नको."

मी म्हणालो, "नाही करणार." मला ते म्हणणं जड गेलं नाही. माझा स्वतःचा कशावर विश्वास नाही. कारखान्यात व्हॉल्व्ह आणि दाबमापकं सांभाळतो आणि घरी पुस्तकं वाचतो. मला वाटलं, हिने माझ्याच मनातलं सांगितलं.

लिगाया मात्र अस्वस्थ झाल्या. "असं नका म्हणू, डॉक्टर."

"आते, तुम्हीच तर वाचलंत आत्ता. तो पाद्री काय करतो ते."

"वाचलं ना. ज्याने हे लिहिलं त्याचं भांडण दुकानदाराशी होतं. दुकानदार वाईट निघाला म्हणून मी जेवायचं सोडत नाही." मग थोड्या वेळाने, पुस्तक मिटून, त्या म्हणाल्या, "तुम्ही निघून जाल. मागे राहिलेल्यांच्या हातांना काय सांगायचं? हातांना काहीतरी करावं लागतं."

मीराने त्यांचा हात थोपटला. झोप येत होती तिला. लिगायांनी ड्रिपच्या चिकटपट्टीचा एक तुकडा कापला आणि खूण म्हणून पानात घातला.

पुढे कादंबरी बरीच वाचून झाली. आपली मुलं शोधत रानोमाळ फिरणारी एक आई त्यात आहे. तिची प्रकरणं लिगाया भरभर वाचायच्या, आवाज सपाट ठेवून. चिकटपट्टी रोज थोडी पुढे सरकत होती. शेवटापासून काही प्रकरणं अलीकडे ती थांबली.

इथे परदेशात माणूस जातो तेव्हा शोक करायला वेळ मिळत नाही, कारण कागद असतात. हॉस्पिटलचा कागद, पोलिसांचा, दूतावासाचा, विमानकंपनीचा. मी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जात होतो आणि चष्मा प्रत्येक दारात धुकटत होता. शेवटच्या खिडकीवरचा तरुण कारकून फार सभ्य होता. त्याने मीराच्या इकाम्याचं, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचं कार्ड माझ्याकडून घेतलं, शिक्का मारला, कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि हळू आवाजात म्हणाला, "खलास." झालं, काम संपलं, आता तुम्हाला कुठे जायला नको, इतकंच त्याला म्हणायचं होतं. तो दिवसातून शंभर माणसांना तेच म्हणत असेल. मी गाडीत येऊन बसलो आणि गाडी सुरू करता येईना.

नाशिकला विद्युतदाहिनीत सगळं उरकलं. मंत्र नव्हते. नातेवाइकांत कुजबुज झाली, ती मी ऐकू आली नाही असं दाखवलं. दोन दिवसांनी मीराच्या आई माझ्याजवळ आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, मुलगी गेलेल्या. म्हणाल्या, "सुहासराव, दहाव्याला निदान..."

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "आई, मीराची इच्छा होती. काही करायचं नाही म्हणाली होती."

"बरं," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. पुढे काही बोलल्या नाहीत. ओवीची शाळा उघडत होती, म्हणून दहाव्याच्या आधीच आम्ही दोघं खोबरला परतलो. विमानात मला वाटत होतं की मी शब्द पाळला. मीरासाठी मला करता येण्याजोगं तेवढं एकच उरलं होतं आणि ते मी केलं होतं.

परतलो त्या संध्याकाळी लिगाया आल्या. पिकअप अजून कोपऱ्यावर होता, पण खजूर आता पुरता तपकिरी झाला होता, पिवळा कुठेच उरला नव्हता. त्या बसल्या नाहीत. पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"भाऊ, विचारायचं होतं. आमच्यात नऊ दिवस प्रार्थना करतात. अग्नी दिला त्या दिवसापासून मी माझ्या खोलीत करते आहे, दोन मुली येतात. रोज डॉक्टरांचं नाव घेतो. उद्या नववा. शेवटच्या दिवशी गेलेल्या माणसासाठी ताट वाढतात. ते इथे वाढलं तर? पाद्री नाही, कुणी नाही. नुसतं एक ताट."

मी लगेच हो म्हणालो. नुसतं हो नाही, मला भरून आलं. मी म्हणालो, "किती सुंदर पद्धत आहे तुमची."

"सुंदर?" कोपऱ्यातून ओवी म्हणाली.

मी वळून पाहिलं. तिने कानातलं काढून ठेवलं होतं.

"आजीने विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात," ती म्हणाली. घरात आमच्याशी ती निम्म्याहून जास्त इंग्रजीत बोलते. हे मात्र तिने सरळ मराठीत सांगितलं. "तिला बोलूपण नाही दिलंत."

"ओवी, ते वेगळं आहे. आईची इच्छा..."

"आईने असं नाही म्हटलं की आजीचं नको आणि आत्याचं चालेल. आत्याचं कल्चर आणि आजीचं सुपरस्टिशन? दॅट्स नॉट फेअर, बाबा."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. भटजी, दक्षिणा, रूढी, असे बरेच शब्द माझ्यापाशी तयार होते, वर्षानुवर्षं वाचून जमवलेले. त्यातला एकही मला उच्चारता येईना.

लिगायांना मराठी कळलं नव्हतं, पण आजी हा शब्द कळला होता. त्यांनी ओवीला विचारून घेतलं. मग त्या हळूच सोफ्याच्या कडेवर टेकल्या. "डॉक्टरांच्या आईला ताट वाढायचं होतं आणि तू नको म्हणालास?"

"त्यांना काय करायचं होतं ते मला माहीत नाही," मी म्हणालो. बोलून झाल्यावर माझं मलाच ते ऐकू आलं.

"मग मी वाढत नाही," लिगाया म्हणाल्या. "आधी आईला विचार. मी आत्या असेन, पण ती आई आहे."

त्या कादंबरीतल्या पाद्र्याचा मला फार राग आला होता. ऐकताना मी मुठी वळल्या होत्या. मेलेल्या माणसाचं काय करायचं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, जिवंतांना विचारायची गरज नाही, हा त्याचा तोरा. मग फोन हातात घेऊन मी बसलो होतो तेव्हा वाटलं, असा माणूस व्हायला अंगावर झगा असावाच लागतो असं नाही. हातात चांगलं कारण असलं की पुरतं. मला मीराचा शब्द मोडायचा नव्हता. पण तिचा शब्द आडवा धरून मी तिच्याच आईला दारात उभं केलं होतं, हेही तितकंच खरं होतं. दोन्ही एकदम कसं सांभाळायचं हे मला कळत नव्हतं. ओवी माझ्याकडे बघत होती. आई गेल्यावर बापाचं म्हणणं खरं धरायचं की नाही हे ती त्या क्षणी ठरवत होती, असं मला आजही वाटतं.

मी फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, पण मीराच्या आई जाग्या होत्या.

"आई," मी म्हणालो, "तुम्हाला दहाव्याला नक्की काय करायचं होतं?"

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "काही नाही हो. राहू दे आता. तुम्ही इच्छा म्हणालात."

"पण काय करायचं होतं?"

"भटजी मला तरी कुठे हवा होता? त्याला काय माहीत मीरा कोण. तिच्या आवडीचं एक पान वाढायचं होतं. भरली वांगी, बाजरीची भाकरी. सकाळी स्वयंपाकघरात उभी राहिले की हात तिकडेच जातात. परवा वांगी घेतली आणि तशीच ठेवून दिली. म्हटलं, नको म्हणालीय ना."

ओवीने माझ्या हातातून फोन घेतला. "आजी," ती म्हणाली, "आत्याला पण सेमच करायचंय. ताट. उद्या. तू पण कर ना. व्हिडिओ कॉल करू."

"उद्या नववा. आपल्यात दहाव्याला असतं."

ओवीने ते लिगायांना इंग्रजीत सांगितलं. लिगाया म्हणाल्या, "आमचं नवव्याला. एक दिवस मी थांबते."

ते ओवीने आजीला मराठीत सांगितलं. आजी थोडा विचार करून म्हणाल्या, "नको, त्यांना कशाला थांबवायचं. उद्याच करू. मीरा कधी वेळेवर जेवली होती?"

दुसऱ्या संध्याकाळी आमच्या मेजावर फोन टेकवून ठेवला होता. पडद्यावर नाशिकचं स्वयंपाकघर, ओट्याची कड, आईंचे हात आणि चेहऱ्याचा खालचा भाग. त्यांना कॅमेरा कुठे धरायचा हे कधी जमलं नाही. लिगाया नवा झगा घालून आल्या होत्या, फुलाफुलांचा. त्यांनी ताटात भात वाढला, उकडलेलं अंडं ठेवलं, चिकट तांदळाची नारळाच्या दुधातली वडी ठेवली. मी भाकरी थापली होती. ती एका बाजूला जाड, एका बाजूला फाटकी झाली होती. तिकडून आईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "असू दे. ओळखेल ती कुणाची आहे."

मग विचारलं, "ओवी, त्या आत्याबाईंना विचार, त्यांच्यात मीठ कुठल्या बाजूला वाढतात?"

प्रश्न गेला, उत्तर आलं. मीठ वेगळं वाढतच नाहीत. "अगंबाई," आई म्हणाल्या. "मग लागलं तर माणसाने काय करायचं?" ओवीने हे भाषांतर केलं तेव्हा लिगाया हसल्या आणि मुकाट्याने उठून एक चिमूट मीठ ताटाच्या कडेला ठेवलं. ओवीने बोट दाखवलं, "डावीकडे, आत्या." त्यांनी ते डावीकडे सरकवलं.

शेवटी त्यांनी खजुराची वाटी ठेवली.

"ते काय?" आईंनी विचारलं.

"खजूर, आजी. आईचा फेव्हरिट."

"ह्याच्यासाठीच का तुझी आई दर वर्षी फोनवर इतकं कौतुक करायची. नाव काय त्याचं?"

ओवी सहज म्हणाली, "खलास."

पडद्यावरचे हात थांबले. "असलं नाव घेऊ नये गं आज," आई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "ती वाटी उचलायला सांग."

मी वाटीकडे हात नेला. लिगायांनी विचारलं, काय झालं. ओवीने अडखळत सांगितलं. मराठीत या शब्दाचा अर्थ संपलं, मेलं, असा होतो हे तिला इंग्रजीत सांगावं लागलं, आईच्या ताटासमोर बसून.

लिगायांनी माझा हात वाटीवरून बाजूला केला. म्हणाल्या, "आजीला सांग. आमच्या जुन्या मेट्रन लेबनॉनच्या होत्या, ख्रिश्चन. त्यांची प्रार्थना अरबीत असायची. त्यात देव माणसाला सोडवतो, मोकळं करतो, त्याला हाच शब्द होता. खलास. मी त्यांना विचारलं होतं, कारण मलाही आधी तो शब्द आवडायचा नाही. दिवसभर सगळे खिडकीतून तेच ओरडतात."

ओवीला मोक्ष, मुक्ती असले शब्द येत नव्हते. ती आजीला म्हणाली, "आजी, त्याचा अर्थ सुटली असा पण होतो. म्हणजे... दुखणं वगैरे सगळ्यातून. सुटली."

पडद्यावर आईंचे हात ओट्याची कड पुसत राहिले.

"माझ्याकडे डब्यात साधा खजूर आहे," आई म्हणाल्या. "वाण्याकडचा. तो ठेवला तर?"

ओवीने ते सांगायच्या आतच लिगाया फोनकडे वाकल्या आणि मराठीत म्हणाल्या, "चालेल."

तो शब्द मीराच्याच सुरात होता. आम्ही तिघंही ताटाकडे बघत राहिलो. मग लिगायांनी प्रार्थना म्हटली, आईंनी हात जोडले, आणि मी दोन्ही तळवे मेजावर ठेवून बसलो. काही केलं नाही आणि काही अडवलं नाही. मीराचा शब्द मोडला की नाही, हे मला अजूनही सांगता येणार नाही. भटजी नव्हता आणि मंत्रही नव्हते. पण तिला जे नको होतं ते नेमकं एवढंच होतं का, हे विचारायला ती नव्हती. प्रार्थना सुरू असताना माझ्या लक्षात आलं की खिडकीचा पडदा ओढायचा राहून गेला आहे. लिगायांच्याही लक्षात आलं असावं. त्या उठल्या नाहीत.

लिगाया गेल्या हिवाळ्यात परत गेल्या. पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं जाण्याचा शिक्का मारून. विमानतळावर निघताना त्यांनी कादंबरी माझ्या हातात दिली. "शेवट वाच, भाऊ. पण घाई करू नकोस." कधी कधी त्यांचा आवाज फोनवर येतो. त्यांच्या गावच्या नव्या पाद्र्याशी त्यांचं वाजलं आहे, असं कळतं. चर्चच्या दुरुस्तीबद्दल त्यांनी भर सभेत काहीतरी विचारलं. रविवारी मात्र त्या सगळ्यात पुढच्या बाकावर बसतात. मी रात्री जेवणानंतर एखाद-दुसरं पान वाचतो. चिकटपट्टीच्या पुढचं. पडदा उघडा ठेवून वाचतो. खिडकीची काच बाहेरून दमट झालेली असते आणि पिकअपचा दिवा तिच्यात मोठा, विस्कटलेला दिसतो.

गेल्या आठवड्यात पुण्याला जाणाऱ्या एका सहकाऱ्याच्या सामानात मी खजुराचं एक खोकं दिलं. ओवीने ते नाशिकला पोचवलं. काल सकाळी आईंचा फोन आला.

"सुहासराव, खोकं मिळालं. वरचे थोडे दबलेत, बाकी चांगले आहेत." मग त्यांनी विचारलं, "खलासच आहे ना? बघा हां, दुसरा कुठला नको."

"तोच आहे, आई."

"मग ठेवते फोन. मीराचं पान वाढायचंय."